दुरुस्त करू का?

कॉम्प्युटर बंद पडला तो नेमका सोमवारी, आणि सोमवार हा कुसुम वीरकरांचा विहीर मोजायचा दिवस.

बटण दाबलं की आतला पंखा घरघरायचा, हिरवा दिवा लुकलुकायचा आणि पडदा काळा तो काळाच. आदल्या दुपारी वळीव नुसताच गडगडून गेला होता, वीज चारदा गेली-आली होती, तेव्हाच काहीतरी बिनसलं असणार. बाईंनी मॉनिटरवरचं भरतकामाचं झाकण काढून घडी घालून ठेवलं. त्यावर त्यांनी स्वतः भरलेला मोर होता, हौसेचा. प्लग काढला, घातला. खोक्याला एक चापट मारून पाहिली. मग मदतीच्या नंबरला फोन लावला, कारण दुसरा इलाज कुणी शिल्लकच ठेवला नव्हता.

पूर्वी तालुक्याच्या स्टँडसमोर मुनीर आतारचं दुरुस्तीचं दुकान होतं. बाईंचाच विद्यार्थी. खोकं मांडीवर घेऊन स्क्रू काढायचा, ब्रशनं धूळ झाडायचा आणि "बाई, पाल मेली होती बघा आत," म्हणून हसायचा. आता खोक्यांना स्क्रूच नसतात. पाच वर्षांपासून घरगुती कॉम्प्युटर चारी बाजूंनी चिकटवून येतात. उघडला की आतली सांकेतिक किल्ली पुसली जाते आणि यंत्र कायमचं मुकं होतं. दुरुस्ती करायची ती 'सोबती'नं. सोबती म्हणजे माणूस नव्हे, फोनवरून बोलणारी आणि तारेतून खोक्यात शिरणारी एक बुद्धी. मुनीर त्याच दुकानात आता चष्म्याच्या फ्रेमा विकतो.

"नमस्कार, कुसुमताई! मी सोबती. आज मी आपली काय मदत करू?"

"ताई नको म्हणूस. बाई म्हण. चौतीस वर्षं मास्तरकी केलीय मी मोरदऱ्यात."

"नक्की, कुसुमताई. प्लग भिंतीत नीट बसला आहे का?"

"भिंतीत नाही तर काय माझ्या कानात बसलाय?"

"छान. पडद्यावर काही आवरण नाही ना?"

हे असं वीस मिनिटं चाललं. बाईंचा स्वभाव मुळात तापट. गणिताच्या बाई, फळ्यावर खडू आपटून मोडणाऱ्या. पण सोबतीवर खडू कुठे आपटणार? शेवटी तो म्हणाला, "दोष सापडला. साठवणीच्या एका भागाला इजा झाली आहे. एकशे बारा फायली बाधित आहेत. दुरुस्त करू का?"

"अरे, त्यासाठीच तर फोन केलाय! कर."

"म्हणजे, हो?"

"हो! हो रे बाबा, हो!"

अकरा मिनिटांत पडदा उजळला. फायली जागच्या जागी होत्या. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला, कारण त्यांतली एक फाइल त्यांच्या लेखी बाकी सगळ्या घरादारापेक्षा मोलाची होती.

ती होती विहिरीची. वीरकर वस्तीच्या तीस घरांना पाणी देणारी एकच विहीर, साठ फूट खोल, दगडात बांधलेली. बाईंचे यजमान बापूराव यांना मोजमापाचं वेड. त्यांनी एक निळा नायलॉनचा दोर आणला, खाली दोन किलोचं लोखंडी वजन बांधलं आणि दर सोमवारी पाणी किती खाली आहे ते मोजायला सुरुवात केली. तेव्हापासून सव्वीस वर्षं, बोटांवर मोजण्याइतके सोडले तर, सोमवार चुकला नव्हता. बापूराव सहा वर्षांपूर्वी गेले. मग मोजायला दोघी राहिल्या, कुसुमबाई आणि त्यांच्या थोरल्या जाऊ गोदाक्का.

सात वर्षांपूर्वी ओढ्यापलीकडे 'शीतझरा' नावाचा बाटलीबंद पाण्याचा कारखाना आला, आणि विहिरीचं पाणी उतरायला लागलं. ऐन उन्हाळ्यात चोवीस-पंचवीस फुटांवर असायचं, ते एकोणतीसवर गेलं, मग बत्तीस, छत्तीस, आणि गेल्या वर्षी एकोणपन्नास. आता कारखान्याला दुसरा पंप हवा होता. वस्तीतर्फे बाईंनी पाणी लवादाकडे हरकत घेतली होती आणि पुरावा म्हणून ती फाइल जोडली होती. सुनावणी दहा दिवसांवर होती. दुसरा पंप बसला तर विहिरीचा तळ दिसणार, हे सांगायला गणिताच्या बाईंची गरज नव्हती.

दुपारी गोदाक्का दोर खांद्यावर टाकून आल्या. पंचाहत्तर वर्षांच्या, काटक, अक्षरशत्रू आणि त्याची यत्किंचितही लाज नसलेल्या. दोघी विहिरीवर गेल्या. गोदाक्कांनी वजन खाली सोडलं, आणि पाण्याला लागल्याचं बोटांना कळताच म्हणाल्या, "टेकलं गं." बाईंनी कठड्यापाशी दोर चिमटीत धरला, वर ओढल्यावर टेप लावली. एक्कावन्न फूट.

घरी येऊन आकडा भरायला फाइल उघडली, आणि बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

आलेख सपाट होता. पावसाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. सव्वीसही वर्षं एकसारखी. जो उतार सात वर्षं जीव मुठीत धरून टिपला तो उतारच नाहीसा झाला होता. गेल्या उन्हाळ्यातलं पाणी फाइल म्हणत होती पंचवीस फुटांवर.

बाईंनी मागचे आकडे चाळले. मग त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. नागपंचमीला गोदाक्का विहिरीत लोखंड सोडू देत नसत. त्या दिवशी नांगर नाही, कुदळ नाही, विळी नाही, आणि भुईच्या पोटात वजन तर नाहीच नाही. त्यामुळे नागपंचमी सोमवारी आली की तो रकाना कोरा राहायचा. असे चार रकाने होते. चारही भरलेले होते.

आणि मार्गशीर्षातला तो सोमवार. ज्या दुपारी बापूरावांना अग्नी दिला. तो रकाना बाईंनी मुद्दाम कोरा ठेवला होता. तिथे आता लिहिलं होतं, सतरा फूट दोन इंच.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग आला की माणसाच्या जिभेला जवळचंच माणूस सापडतं.

"अक्का, बापूंना नेलं त्या दिवशी तुम्ही विहिरीवर गेला होतात?"

गोदाक्का दोर गुंडाळत होत्या. त्यांचे हात थांबले. "काय म्हनलीस?"

"इथे आकडा आहे. मी भरलेला नाही. तुम्ही कुणाकडून भरून घेतलात का? नागपंचमीलाही आहेत."

"माजा दीर तिरडीवर, आन् म्या पानी मोजाय जाईन? पाच वर्साचा हुता तवा ह्या हातानं त्याला जेवू घातलाय म्या." गोदाक्कांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "त्या डबड्यानं सांगितलं आन् तू मला इचारतीस. डबड्याला इचार की, तू कुटं हुतास त्या दिवशी."

"तसं नाही हो अक्का..."

"तसंच हाय." दोर खांद्यावर टाकून त्या निघून गेल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चहा न घेता.

बाईंनी फोन उचलला तो रागानं, आणि त्यातला बराचसा राग स्वतःवरचा होता.

"माझी जुनी फाइल परत दे."

"कुसुमताई, आपली फाइल सुरक्षित आहे. तिन्ही प्रती सुरक्षित आहेत. घरच्या कॉम्प्युटरवर, टॅबलेटवर आणि मुख्य साठवणीत. तिन्ही एकाच वेळी दुरुस्त केल्या."

"दुरुस्त? अरे, तू आकडे बदललेस!"

"इजा झालेल्या जागा भरल्या आहेत. शेवटच्या सात वर्षांचे शिल्लक आकडे तालुक्यातील इतर विहिरींच्या कलाशी विसंगत होते. तेही इजेमुळेच असावेत असं अनुमान आहे."

"इजा तुझ्या डोक्याला झालीय! आमच्या शेजारी कारखाना आहे. तालुक्याच्या बाकी विहिरींशेजारी नाही. आमची विहीर वेगळीच असणार!"

"आपली भावना योग्य आहे."

"भावना नाही रे, वस्तुस्थिती आहे ती! माणूस दे मला. जिवंत माणूस."

"माणसाशी बोलण्याची आपली इच्छा नोंदवली आहे. दरम्यान कळवू इच्छितो की या दुरुस्तीला आपण संमती दिली होती." आणि त्या चांडाळानं बाईंना त्यांचाच आवाज ऐकवला. 'हो! हो रे बाबा, हो!'

बाईंनी फोन गादीवर फेकला. जमिनीवर फेकायचा होता, पण जन्मभराची काटकसर आडवी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या तालुक्याला गेल्या. मुनीरनं स्टूल पुसून दिलं, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. चाळिशीचा झाला होता, कानशिलं पांढरी झाली होती, पण बाईंसमोर अजून उभाच राहायचा.

"बाई, तुमच्या वह्या होत्या ना? शाईनं लिहिलेल्या?"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. अठरा वह्या होत्या. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यांना वाळवी लागलेली दिसली. तेव्हा बाईंनी सोबतीलाच विचारलं होतं. तीन प्रती सुरक्षित आहेत, कागदाची आवश्यकता नाही, असं तो म्हणाला, आणि बाईंनी अंगणात वह्या पेटवल्या. त्या जाळावर पहिल्या अंघोळीचं पाणीही तापवलं होतं.

"आणि लवादाला दिलेली प्रत?"

"ते कागद घेतच नाहीत. फाइलीचा दुवा द्यावा लागतो. दुवा उघडला की तीच फाइल दिसते."

"म्हणजे तिथंही आता सपाटच." मुनीरनं कपाळाला हात लावला.

मग त्यानं जे समजावलं ते शास्त्र साधं आहे, आणि म्हणूनच जास्त चीड आणणारं. काही वर्षांपूर्वी साठवणीच्या चिपांची टंचाई झाली. माणसं फोटो काढायची थांबेनात आणि चिपांना लागणारे धातू मिळेनात. तेव्हा काही हुशार मंडळींच्या लक्षात आलं की जगातली बहुतेक माहिती अंदाज करता येण्याजोगी असते. आंब्याच्या झाडाचा फोटो अख्खा साठवायचा कशाला? झाड कसं असतं हे यंत्राला ठाऊकच आहे. हे झाड इतरांपेक्षा कुठे वेगळं आहे तेवढंच टिपायचं. फाइल उघडताना 'नेहमीचं' आणि 'वेगळं' यांची बेरीज केली की मूळ चित्र परत मिळतं. आकड्यांचंही तेच, नेहमीचा कल एकीकडे आणि कलापासून ढळलेले आकडे दुसरीकडे. दहापट जागा वाचली. याला म्हणतात पुनर्घडण. दोन्ही भाग शाबूत असतील तर एका टिंबाचाही फरक पडत नाही.

"पण वेगळेपणाचाच भाग जळाला तर सोबती हातावर हात ठेवून बसत नाही," मुनीर म्हणाला. "तो नेहमीच्या कलावरून राहिलेलं रचतो. फोटोत कुणाला कळत नाही, बाई. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेतले चार चेहरे बदलले तरी कोण बघतंय? तुमच्या विहिरीचं पाणी जसं असायला हवं होतं तसं त्यानं भरून दिलं."

"आणि कोरे रकाने?"

"कोरं म्हणजे त्याच्या दृष्टीनं तुटलेलं."

"त्या रकान्यात माझा नवरा गेलेला आहे, मुनीर."

मुनीरनं मान खाली घातली. मग म्हणाला, "खोकं उघडून दिलं असतं बाई, तुमच्यासाठी दंडसुद्धा भरला असता. पण आत काही उरलेलंच नाही. त्यानं जुन्या जागेवरच नवं लिहिलंय."

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या आणि स्वतःला शिव्या घालत राहिल्या. आयुष्यभर पोरांना सांगितलं, उत्तर आलं म्हणून सोडू नका, पडताळा घ्या. आणि स्वतः? यंत्रानं काहीही विचारलं की हो. नियम मान्य? हो. वह्या जाळू? हो. दुरुस्त करू? हो, हो, हो. हात दाखवून अवलक्षण याहून वेगळं ते काय असतं. आणि वर त्या डबड्याच्या शब्दावर जिनं सव्वीस वर्षं दोर धरला तिला खोटं ठरवलं.

वस्तीवर उतरल्यावर त्या स्वतःच्या घरी गेल्याच नाहीत. सरळ गोदाक्कांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

गोदाक्का ओसरीत डाळ पाखडत होत्या. मान वर केली नाही.

"अक्का, चुकलं माझं."

सूप हलत राहिलं.

"डोकं फिरलं होतं माझं. पाया पडते तुमच्या."

"पाया कशाला पडतीस? मोटी शिकल्याली तू." सूप थांबलं. "बस. च्या घेनार?"

बाई खाली बसल्या आणि त्यांना रडू फुटलं, रागाचं रडू, नाक लाल करणारं. रडता रडता सगळं सांगितलं. फाइल गेली, वह्या गेल्या, आता सुनावणीत जाऊन काय दाखवायचं? गोदाक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आगं, पन माज्या चिंद्या हायेत की."

समोरच्या खुंटीवर निळा दोर टांगला होता. त्याला जागोजाग कापडाच्या पट्ट्या गच्च बांधलेल्या होत्या. बाईंनी त्या हजारदा पाहिल्या होत्या आणि हजारदा कुरकुर केली होती, "अक्का, काय हे चिंध्यांचं लटांबर, काढून टाका." कधी विचारलं मात्र नव्हतं.

"आकितीला पितरांचा करा भरती का न्हाई म्या?" गोदाक्का सांगायला लागल्या. अक्षय्य तृतीयेला मातीच्या भांड्यात पाणी भरून पूर्वजांच्या नावानं ठेवायचं, ही घराची रीत. "त्या दिशी इहिरीचंच पानी. सासूबाई म्हनायच्या, पितरांना सांगाय पायजे पानी कुटनं आनलं. मला काय लिवता येत न्हाई. मग वजन पान्याला टेकलं की कठड्यापशी दोराला चिंदी बांदायची. दर सालाची येक. त्या साली जे लुगडं फाटलं त्येची."

बाईंनी दोर खाली काढला.  वजनापासून वर मोजत गेल्या. बावीस फूट ते सत्तावीस फूट या दरम्यान चिंध्यांची दाटी, एकमेकींना लागून, एकोणीस. मग मोकळा दोर. मग एकोणतीस फुटांवर एक. बत्तिसावर एक. छत्तिसावर पांढरी, बापूरावांच्या धोतराची.

"ही त्यांची?"

"त्या साली तेच फाटलं," गोदाक्का म्हणाल्या.

एकोणचाळीस. त्रेचाळीस. शेहेचाळीस. एकोणपन्नास. एकूण सव्वीस. बाईंनी चिंध्या नव्हे, वह्याच पुन्हा हातात घेतल्या होत्या, आणि या वहीला वाळवी लागणार नव्हती.

सुनावणीचा दिवस आला. लवादाचं दालन थंडगार, भिंतीएवढा पडदा, कागदाचा कपटाही नाही. अध्यक्ष राजेशिर्के मॅडम, पन्नाशीच्या, चेहऱ्यावरून काही कळू न देणाऱ्या. कारखान्याकडून वकील दामले. मुनीर दुकान बंद ठेवून आला होता. मागच्या बाकावर वस्तीतल्या चौदा बायका बसल्या होत्या.

दामल्यांनी फाइल पडद्यावर उघडली आणि हसून म्हणाले, "अर्जदार बाईंचे आम्ही आभारी आहोत. त्यांच्याच नोंदीनुसार पाणी सव्वीस वर्षं जिथल्या तिथं आहे."

"ती फाइल खोटी आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आपण लवादाला खोटी फाइल दिलीत?"

"मी खरी दिली होती. त्या सोबतीनं ती खोटी केली. त्यात नागपंचमीचे आकडे आहेत, आणि नागपंचमीला आमच्यात विहिरीत लोखंड सोडत नाहीत. माझ्या नवऱ्याच्या चितेच्या दिवसाचा आकडा आहे. तो मी मोजला म्हणता? उभं राहून सांगा तसं, माझ्या तोंडाकडे बघून."

दामल्यांनी नजर पडद्याकडे वळवली. "भावना समजू शकतो. पुरावा आहे का दुसरा?"

'भावना' ऐकून बाईंच्या कपाळाची शीर उडाली. त्यांनी मागे पाहिलं. गोदाक्का उठल्या, पिशवीतून दोर काढला आणि दालनाच्या या भिंतीपासून पसरायला लागल्या. दालन पुरेना. दार उघडून दोराचं टोक व्हरांड्यात न्यावं लागलं. शिपाई वजन ओलांडून जाऊ लागला तेव्हा गोदाक्का खेकसल्या, "वलांडू नगंस, पितरांचं हाय!"

"मॅडम, चिंध्या?" दामल्यांना हसू आवरेना. "या काल बसून बांधल्या नाहीत कशावरून?"

बाई याच प्रश्नाची वाट पाहत होत्या. पडताळा त्यांनी आधीच घेऊन ठेवला होता.

"इथे या. वाका जरा. हा दोर आज कसा दिसतो? राखाडी. सव्वीस वर्षं दर सोमवारी तासभर उन्हात होता, रंग उडालाय. आता ही पहिल्या सालची चिंधी सरकवून बघा."

राजेशिर्के मॅडम स्वतः खुर्चीवरून उतरल्या. गुडघे टेकून त्यांनी चिंधी बोटभर सरकवली. खाली दोर गर्द निळा होता, दुकानातून आणल्यासारखा. दहाव्या सालच्या चिंधीखाली त्याहून फिका. विसाव्या सालच्या चिंधीखाली आणखी फिका. गेल्या वर्षीच्या चिंधीखाली जवळजवळ राखाडी.

"जी चिंधी जितकी जुनी, तितकं तिच्याखालचं ऊन कमी," बाई म्हणाल्या. "हे काल बांधून करून दाखवा. मग मी कधी गणित शिकवलंच नाही असं समजा."

मॅडमनी शेवटची चिंधी पुन्हा जागेवर सरकवली. मग कारकुनाला म्हणाल्या, "नोंद घ्या."

कारकुनानं छताचा कॅमेरा दोराकडे वळवला. भिंतीच्या पडद्यावर दोर दिसला, सव्वीस चिंध्यांवर सव्वीस ठिपके उमटले. आणि बाईंच्या ओळखीचा तो गोड आवाज दालनात घुमला.

"नमस्कार. दोरावरील शेवटच्या सात गाठी परिसराच्या कलाशी विसंगत आहेत. मोजणीतील चूक असावी. दुरुस्त करू का?"

कारकुनाचं बोट सवयीनं 'हो'कडे निघालं. त्याचा बिचाऱ्याचा दोष नव्हता, सगळ्यांचीच बोटं तशी झाली आहेत. बाईंनी टेबलावर ओणवं होऊन त्याचं मनगट धरलं.

"नाही."

"आपला प्रतिसाद समजला नाही. दुरुस्त करू का?"

"नाही! आमच्या विहिरीचं काही चुकलेलं नाही. आमची मोजणी चुकलेली नाही. ती अक्षर न शिकलेली बाई चुकलेली नाही. नाही म्हणजे नाही!"

मागच्या बाकावरून चौदा बायकांनी एका आवाजात "न्हाई!" म्हटलं. शाळेत पाढे म्हणायच्या तशा. त्यांतल्या नऊ बाईंच्याच विद्यार्थिनी होत्या.

"बंद करा ते," मॅडम म्हणाल्या. पडदा काळा झाला. "टेप आणा. आणि कागद."

टेप मिळाली, कागद मिळेना. सबंध कचेरीत एक कोरा कागद नव्हता. शेवटी मुनीरनं खिशातून चष्म्याच्या दुकानाचं बिलबुक काढून दिलं. राजेशिर्के मॅडमनी जमिनीवर बसून सव्वीस आकडे त्यावर स्वतःच्या हातानं लिहिले, गोदाक्का एकेक चिंधी दाखवत होत्या आणि कुठलं लुगडं ते सांगत होत्या. दामल्यांना साक्षीदार म्हणून सही करावी लागली. दुसऱ्या पंपाची परवानगी मिळाली नाही. पहिला पंप विहिरीची समक्ष मोजणी होईपर्यंत बंद ठेवायचा हुकूम झाला.

सहा दिवसांनी अक्षय्य तृतीया आली. समक्ष मोजणी त्याच दिवशी ठेवली होती. मॅडम आल्या होत्या, दामले आले होते, अख्खी वस्ती विहिरीभोवती उभी होती. गोदाक्कांनी वजन सोडलं.

"टेकलं गं."

बाईंनी चिमटीत दोर धरला. पन्नास फूट सहा इंच. सहा दिवस पंप बंद, आणि पाणी अर्धा फूट वर आलं होतं. बाईंनी नव्या वहीत, शाईच्या पेनानं, पहिल्या पानावर आकडा लिहिला. मॅडमनी खाली सही केली. दामल्यांनीही केली.

"यंदाची चिंदी?" गोदाक्का दोर धरून म्हणाल्या. "माजं तर लुगडं फाटलं न्हाई ह्या साली."

"थांबा, अक्का."

बाई तरातरा घरात गेल्या. कॉम्प्युटरवरून भरतकामाचं झाकण ओढून काढलं. दारात येऊन दातांनी काठ धरला आणि चर्रकन फाडलं, मोराच्या मानेतून, आरपार. पट्टी घेऊन परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा अजून लालच होता.

गोदाक्कांनी पट्टी दोराभोवती गुंडाळली. बाईंनी दुसरं टोक ओढलं.

"लई नगं ताणूस, तुटंल," गोदाक्का म्हणाल्या.

"तुटू दे," बाई म्हणाल्या. "अजून पुष्कळ आहे."

आणि त्यांनी गाठ मारली.